मॅट्रिक : उंबरठा आणि रांग

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत आलेल्या परक्या शब्दांपैकी 'मॅट्रिक' या शब्दाइतके घरोघर राज्य फार थोड्या शब्दांनी केले असेल. मूळ शब्द लॅटिन. त्याचा अर्थ नोंदवही. विद्यापीठाच्या नोंदवहीत नाव चढवून घेण्यासाठी जी परीक्षा द्यायची ती मॅट्रिक्युलेशन. अर्थ एवढाच आणि इतका साधा. पण आपल्याकडे माणूस मॅट्रिक 'झाला'. तलाठी झाला, फौजदार झाला म्हणावे तसा. जो झाला नाही तो 'नॉनमॅट्रिक' झाला, आणि जो बसून पडला तो 'मॅट्रिक नापास' झाला. विशेष म्हणजे या नापास होण्यालाही किंमत होती. निदान तिथवर पोचला होता ना! लग्नाच्या बोलाचालीत, नोकरीच्या अर्जात 'मॅट्रिक नापास' ही चक्क एक पायरी समजली जाई. ज्या माणसांना विद्यापीठाची इमारत आयुष्यात कधी दिसणार नव्हती, त्यांची ओळखसुद्धा विद्यापीठाच्या दाराशी घेतलेल्या परीक्षेने ठरत होती.

हे कसे झाले, आणि आज त्या दाराचे काय झाले आहे, हे थोडे सांगायचे आहे.

१८५४ साली चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता विलायतेहून आला. त्यात हिंदुस्थानात विद्यापीठे काढावीत असे ठरले होते. त्याप्रमाणे १८५७ साली, एकीकडे उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला असताना, कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठे कायद्याने स्थापन झाली. नमुना घेतला होता लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठाने स्वतः शिकवायचे नाही. शिकवायचे कॉलेजांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदव्या द्यायच्या. मुंबई विद्यापीठाचे पहिल्या पन्नासेक वर्षांचे मुख्य काम परीक्षा घेणे हेच होते.

मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. सव्वाशेहून थोडे अधिक मुलगे बसले आणि उत्तीर्णांची संख्या विशीच्या आसपास थांबली. त्या मूठभरांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते. १८६२ साली हेच चौघे विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. शंभरावर मुले दाराशी आली आणि बहुतेक परत गेली, हे लक्षात ठेवले पाहिजे. मॅट्रिकची दहशत पहिल्याच वर्षापासूनची आहे.

दार एका विद्यापीठाचे, पण हळूहळू इलाख्यातल्या साऱ्या इंग्रजी शाळा त्याच दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मॅट्रिकला जे विचारतात तेच शाळेत शिकवायचे, जे विचारत नाहीत ते सोडून द्यायचे. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला, त्याच्याही ध्यानात हे आले. हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-व्यवहारात उपयोगी पडणारी, अशी शिफारस आयोगाने केली. दुसरी वाट कागदावर राहिली. कारण उघड होते. सरकारी कचेरीतला साहेब उमेदवाराला विचारी, मॅट्रिक झालास का? सुतारकाम येते का, हे कोणी विचारत नव्हते.

याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन ठेवले. सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो आणि तो येतो मात्र रयतेच्या घामातून, हा त्यांचा सवाल सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात परीक्षेविषयीही एक मुद्दा आहे, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. शाळेत न जाता घरी अभ्यास करणाऱ्याला मॅट्रिकला बसता येते, तशीच सवलत वरच्या परीक्षांनाही मिळावी, असे त्यांनी सुचवले. जोतीरावांचा रोख स्वच्छ होता. वर्गात बसण्याची ऐपत ज्याला नाही, त्याला निदान परीक्षेला तरी बसू द्या. शाळेचे दार बंद असले तरी परीक्षेचे उघडे राहू शकते, हे त्यांनी ओळखले होते.

दाराची भाषा

मुंबईच्या मॅट्रिकची भाषा इंग्रजी. इंग्रजीच्या जोडीला दुसरी भाषा घ्यावी लागे. विद्यापीठाच्या अगदी सुरुवातीच्या नियमांत देशी भाषांना बरी जागा होती. पण थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून मराठी, गुजराती बाहेर गेल्या आणि संस्कृत, फारसी, लॅटिन अशा अभिजात भाषांचा मान वाढला. ज्यांनी पहिली मॅट्रिक दिली त्या रानड्यांना ही गोष्ट शेवटपर्यंत सलत राहिली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मराठीला विद्यापीठात पुन्हा जागा मिळावी म्हणून ते झटत होते.

दुसऱ्या भाषेची ही निवड वरवर आवडीची दिसे, पण ती कुळाचीही असे. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना संस्कृत घ्यायचे होते. ते अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत शिकवायला नकार मिळाला, आणि त्यांनी फारसी घेतली. पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या हिमतीवर केला. उर्दू बोलणाऱ्या घरात वाढून मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही हकीकत दोन्ही बाजूंनी बोचते. ज्या भाषेला आपण देवाची म्हणतो तिचे दार बंद झाले, आणि ज्या भाषेला पुढे परक्याची म्हणून हिणवले गेले तिने त्या मुलाला आत घेतले. पण फारसी ही काही कुण्या एका धर्माची जहागीर नव्हती. शिवकाळापासून मराठी दप्तरात तिचे शब्द मुरलेले आहेत. 'दप्तर' हा शब्दच घ्या. शाळेत जाणारे प्रत्येक मराठी मूल तो खांद्यावर घेऊन जाते.

मुसलमान समाज मात्र इंग्रजी शाळेकडे उशिरा वळला. मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम काढली ती याच काळजीतून. त्याआधी रहिमतुल्ला सयानी १८६८ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले मुसलमान एम.ए. झाले होते. १८९६ साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पण एक सयानी म्हणजे समाज नव्हे, आणि हंटर आयोगालाही मुसलमानांच्या शिक्षणाचा वेगळा विचार करावा लागला.

स्त्रियांपुढे तर भाषेच्याही आधी व्याकरण आडवे आले. १८७५ साली एका पारशी गृहस्थांनी आपल्या मुलीला मॅट्रिकला बसू द्यावे म्हणून विद्यापीठाकडे विचारणा केली. परवानगी मिळाली नाही. नियमांत उमेदवाराचा उल्लेख सगळीकडे पुल्लिंगी होता! तो उल्लेख स्त्रियांनाही लागू समजावा, हे ठरायला १८८३ साल उजाडले. मग त्याच दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या.

महर्षी कर्व्यांनी तर वेगळेच केले. दुसऱ्याच्या दाराशी ताटकळत बसण्यापेक्षा त्यांनी १९१६ साली पुण्यात महिलांसाठी विद्यापीठच काढले. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी, शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, आणि इंग्रजी एक विषय म्हणून. त्या पदवीला कायद्याची पूर्ण मान्यता मिळायला १९५१ साल लागले. तिकडे मराठवाड्यात निजामाची सत्ता. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू. म्हणजे एकाच काळात मराठी मूल मुंबईत इंग्रजीतून, औरंगाबादेत उर्दूतून आणि कर्व्यांच्या विद्यापीठात मराठीतून विद्यापीठाचे दार ठोठावत होते. आणि खेडोपाडीच्या हजारो मुलांसाठी यांतले कुठलेच दार नव्हते. त्यांच्यासाठी होती 'व्हर्नाक्युलर फायनल', म्हणजे सातवी. ती पास झाला की गावच्या शाळेत मास्तर. महाराष्ट्राला अक्षरे शिकवली ती बव्हंशी या 'फायनल' झालेल्या मास्तरांनी. विद्यापीठाच्या वहीत त्यांची नावे कधी चढली नाहीत.

सदतीस टक्क्यांचा विद्यार्थी

आता दोन गुणपत्रिका पाहू. १८८७ साली राजकोटचा एक मुलगा मॅट्रिकला बसला. केंद्रे दोन, मुंबई आणि अहमदाबाद. घरची परिस्थिती बेताची, म्हणून जवळचे आणि स्वस्त असे अहमदाबाद निवडले. त्याला ६२५ पैकी २४७॥ गुण मिळाले. क्रमांक आला ४०४वा. मुलाचे नाव मोहनदास करमचंद गांधी. वीस वर्षांनी, १९०७ साली, परळच्या चाळीत राहणारा एक मुलगा मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाले. ते भीमराव आंबेडकर.

हिशेब केला तर गांधीजींना चाळीस टक्क्यांना थोडे कमी आणि बाबासाहेबांना साधारण साडेसदतीस टक्के पडतात. आज एवढ्या गुणांवर शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात अकरावीचा अर्ज भरायलाही मुले धजत नाहीत. या आकड्यांचा उपयोग आपण बहुधा कमी गुण मिळालेल्या पोराची समजूत घालण्यासाठी करतो. 'गांधीजींनाही कमीच होते रे!' पण त्यांतून कळण्यासारखी गोष्ट निराळी आहे. त्या काळी गुण किती, याला आजच्याइतकी किंमतच नव्हती. उत्तीर्ण की अनुत्तीर्ण, एवढाच प्रश्न. मॅट्रिक हा उंबरठा होता. तो ओलांडणे महाकठीण, बहुतेक जण अडखळून पडत. पण एकदा ओलांडला की आत रांग नव्हती. अडचण असे ती फीची. गांधीजी भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले तेही ते मुंबईपेक्षा स्वस्त होते म्हणून.

भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेज सुटले नाही. एका मुलाच्या मॅट्रिक होण्याची सभा भरते, यावरून ते यश किती दुर्मीळ होते ते कळते.

याच मुलाला शाळेत फळ्याजवळ बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून मुलांनी कल्ला केला होता. वर्गात त्याची जात सर्वांना ठाऊक होती. परीक्षेच्या कागदावर मात्र नाव नव्हते, आसन क्रमांक होता. तपासणाऱ्याला पेपर कोणाचा ते माहीत नव्हते. परीक्षा पद्धतीवर आपण कितीही टीका करू, ती घोकंपट्टीची आहे, यंत्रासारखी आहे, हे सारे खरेच आहे. पण ज्या समाजात नाव ऐकताच माणसाची किंमत ठरत होती, तिथे नाव न विचारणारा एक कागद होता. या यांत्रिकपणातही थोडा न्याय होता.

किल्ली शाळेकडे आली

स्वातंत्र्यानंतर एक मोठा बदल झाला. त्याची नोंद आपल्या सार्वजनिक आठवणीत फारशी राहिलेली नाही. १९४९च्या सुमारास मुंबई राज्यात पुणे, कर्नाटक, गुजरात, बडोदे अशी नवी विद्यापीठे उभी राहिली. प्रत्येकाने आपापली मॅट्रिक घेतली असती तर गोंधळ उडाला असता. शिवाय शाळेतून बाहेर पडणारा प्रत्येक जण काही कॉलेजात जात नाही, हे हंटरच्या वेळचे शहाणपण तोवर पुष्कळ जुने झाले होते. म्हणून १९४८ साली कायदा झाला, पुण्यात मंडळ स्थापन झाले आणि १९४९ साली पहिली एस.एस.सी. परीक्षा झाली. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक संपली.

लोकांनी नाव बदलले नाही. पुढे कित्येक वर्षे एस.एस.सी.लाही मॅट्रिकच म्हणत. पण कागदावरचा शब्द बदलला होता. प्रवेश परीक्षा जाऊन शालान्त परीक्षा आली होती. एक दाराबाहेर उभे करून विचारते, 'तुला आत का घ्यावे?' दुसरी घरातून निघताना विचारते, 'इथे काय शिकलास?' परीक्षा तीच, पण किल्ली विद्यापीठाच्या हातून शाळेच्या हाती आली. १९६५चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६६ पासून महाराष्ट्राचे राज्य मंडळ कामाला लागले. गावोगाव हायस्कुले निघत होती. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांनी मॅट्रिकचा वर्ग तालुक्याहून खेड्यात नेला. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्यांच्या घरात हॉल तिकीट आले.

मग कोठारी आयोगाच्या शिफारशींप्रमाणे दहा अधिक दोन अधिक तीन असा आकृतिबंध आला. १९७५ साली महाराष्ट्रात जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोन तुकड्या एकाच वर्षी परीक्षेला बसल्या. १९७७ साली बारावीची मुले बाहेर पडली. एका उंबरठ्याचे दोन झाले. दहावीचा उंबरठा कनिष्ठ महाविद्यालयाचा, बारावीचा पदवीचा. मेडिकल, इंजिनीअरिंगच्या जागा बारावीच्या गुणांवर मिळू लागल्या आणि उंबरठ्याची रांग झाली. आता पास होणे पुरेना, शेजारच्यापेक्षा एक गुण जास्त हवा. गुणवत्ता यादीतल्या मुलांचे पेढे भरवतानाचे फोटो, अपेक्षित प्रश्नसंच, 'लातूर पॅटर्न' हे सारे या रांगेचे वैभव. १९८३ साली विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजे निघाली तेव्हा रांगेला एक आडवाटही फुटली. ज्याच्याकडे पैसा होता तो तिथून गेला.

रांग आली की मोजपट्टीवरून भांडणे येणारच. २००८-०९च्या सुमारास इतर मंडळांच्या मुलांपुढे आपली मुले मागे पडतात म्हणून पर्सेंटाइलचे सूत्र आणि नव्वद-दहाचा कोटा आणून पाहिला. ते न्यायालयात टिकले नाहीत. २०१० साली सहापैकी चांगले पाच विषय धरायचे 'बेस्ट फाइव्ह' आले, ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकले. २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल लागला ९९.९५ टक्के. अकरावीसाठी वेगळी सामायिक परीक्षा घ्यायचे ठरले, तेही उच्च न्यायालयाने रद्द केले. त्या वर्षी साऱ्यांना एक गोष्ट उघड दिसली. सगळेच पास झाले तरी प्रश्न सुटत नाही, कारण प्रश्न पास होण्याचा राहिलेलाच नाही.

पुन्हा दारावरची परीक्षा

आणि आता चाक जवळजवळ फिरून आले आहे. डॉक्टर व्हायचे तर देशभराची एकच 'नीट'. इंजिनीअर व्हायचे तर सीईटी किंवा जेईई. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांत पदवीसाठीही सामायिक प्रवेश परीक्षा आली. बारावीचे गुण तिथे बव्हंशी पात्रतेपुरते, म्हणजे पुन्हा उंबरठ्यापुरते उरले. रांग दुसरीकडे गेली. १९४९ साली शाळेकडे आलेली किल्ली परत दारावर बसलेल्यांच्या हाती गेली आहे.

याच्या बाजूने बोलण्यासारखे नाही असे नाही. देशभर एकच मोजपट्टी, मंडळामंडळांतली तफावत नाही, आणि 'नीट' मराठीतून देण्याची सोयही २०१७ पासून आहे. पण मला दोन गोष्टींची काळजी वाटते.

पहिली अशी की, शालान्त परीक्षेची तयारी गावच्या शाळेत होत असे. कशीबशी का होईना, होत असे. मास्तर, पाठ्यपुस्तक आणि रात्रीचा अभ्यास एवढ्या भांडवलावर मूल दाराशी पोचत होते. नव्या परीक्षांची तयारी शाळेत होत नाही, ती क्लासमध्ये होते, आणि क्लास लातूर, नांदेड, पुणे, कोटा इथे असतो. त्याची फी लाखाच्या घरात जाते. नाव न विचारणारा कागद अजूनही आहे. पण त्या कागदापर्यंत पोचण्याच्या वाटेवर आता नाका बसला आहे. घरी अभ्यास करणाऱ्यालाही परीक्षेला बसू द्या, असे जोतीराव म्हणाले होते. बसू तर आजही देतात. पण घरच्या अभ्यासावर कितीजण निभावतात?

दुसरी गोष्ट भाषेची. दहावीला महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे १५ लाख मुले बसतात. त्यांतली बहुतेक मराठीचा पेपर देतात. कवितेचे रसग्रहण लिहितात, पत्र लिहितात, निबंध लिहितात. गुणांसाठी का होईना, एवढी मोठी पिढी एकाच वेळी मराठी कविता वाचते, असे वर्षात दुसरे निमित्त नाही. त्या पेपराचा गुण पुढच्या दाराशी मोजला जात नाही, हे एकदा कळले की घरात पहिली कात्री कशाला लागते ते आपण पाहतो आहोत. बारावीला भाषेऐवजी गुण देणारा दुसरा विषय घेणारी मुले आपल्या शेजारीच आहेत. त्यांना दोष कसा द्यावा? दार जे विचारते तेच शाळा शिकवते, हे तर १८८२ सालीच कळले होते. मराठीतून पेपर देता येणे आणि मराठीचा पेपर मोजला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रानडे भांडत होते ते दुसरीसाठी.

मग काय, प्रवेश परीक्षा बंद करायच्या? तसे कोणी सुचवत नाही, आणि पंधरा लाखांची रांग भाषणाने हटत नाही. पण दारावरच्या परीक्षेला शाळेच्या गुणांची काही जोड देता येईल. त्या गुणांत भाषेचाही वाटा धरता येईल. एवढे झाले तरी दहावी-बारावीच्या वर्गात पुन्हा जीव येईल आणि मास्तरांच्या शिकवण्याला किंमत येईल.

साडेसदतीस टक्के मिळवणाऱ्या त्या मुलाने पुढे या देशाची घटना लिहिली. १९०७ सालच्या दाराने त्याच्याकडे एवढेच पाहिले की तो उंबरठ्याच्या आत आला आहे. आत आल्यावर त्याने काय करायचे ते त्याच्यावर, केळुसकर गुरुजींच्या पुस्तकावर आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर सोडले. मुलाला दारातून आत घेण्याइतकीच काळजी आत आल्यावर त्याच्या पाठीशी उभे राहण्याची घ्यावी लागते. परीक्षा किती काटेकोर घ्यायची याचा विचार आपण गेली दीडशेहून अधिक वर्षे करतो आहोत. या दुसऱ्या गोष्टीचा हिशेब मात्र अजून मांडायचा राहिला आहे.